नाटक, साहित्य आणि नृत्य एकत्र शिकताना अभ्यास नक्की कसला करायचा?

अडगळीतली_वही

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. विषय तीन : नाट्य, साहित्य आणि नृत्य (कथक). प्रवेश घेताना वाटलं होतं, तिन्ही एकाच घरच्या लेकी, एकीचं केलं की दुसरीचं आपोआप होईल. कसलं काय! साहित्याच्या तासाला म्हणतात, "संहितेत पुरावा दाखव." तोच पुरावा घेऊन नाट्याच्या तासाला गेलं की "विश्लेषण पुरे, करून दाखव." आणि नृत्याच्या तासाला तोंड उघडलं की "आधी पाय स्वच्छ वाजू देत."

या सत्रात इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' साहित्यालाही आहे आणि नाट्यालाही. नृत्यात तीनताल (सोळा मात्रांचा) सुरू आहे, शिवाय लेखी परीक्षेला नाट्यशास्त्रातले रस आणि भाव. एकच नाटक दोन विषयांसाठी वाचायचं तर दोन्हीकडे वेगळं काय वाचायचं असतं? वही एक ठेवावी की तीन? आणि नृत्याबद्दल लिहायचं कसं? माझा निबंध "विशेषणं फार, दिसत काहीच नाही" असा शेरा घेऊन परत आलाय.

ज्यांनी असं काही शिकलंय किंवा शिकवलंय त्यांनी लिहा प्लीज.

पिटातला_प्रेक्षक

मस्त विषय. रुमाल टाकून ठेवतो, जाणकार येतीलच. तोवर एक पिंक : दोन डगरींवर हात ठेवू नये म्हणतात, तुम्ही तर तिसरी शोधून काढलीत.

तळटीप

इब्सेनपासूनच सुरू करू, कारण तुझ्या तिन्ही विषयांची गाठ त्याच नाटकात पडते. दुसऱ्या अंकाचा शेवट काढ. नोराचं गुपित फोडणारं क्रोगस्टाडचं पत्र पेटीत पडलंय आणि किल्ली तिच्या नवऱ्याकडे, टोरवाल्डकडे आहे. तो पेटीकडे निघतो तोच नोरा पियानोवर टॅरंटेलाचे पहिले सूर वाजवते. तो थबकतो. उद्याच्या नाचाची तालीम घ्या म्हणून ती त्याच्या मागे लागते. पियानोवर आधी तो बसतो, मग डॉ. रँक. नाच हाताबाहेर जातो, केस सुटून खांद्यावर येतात, टोरवाल्ड सूचना देतच राहतो आणि तिचं तिकडे लक्षच नसतं. नोराची मैत्रीण लिंडेबाई दारात येऊन बघतच राहतात.

आता साहित्याचा प्रश्न : इतकी जागा या नाचाला का दिलीय? आणि तिसरा अंक बघ. वरच्या मजल्यावर पार्टी आहे, तिथे नोरा खरोखर नाचते, पण तो नाच आपल्याला दिसत नाही, वरून नुसतं संगीत ऐकू येतं. म्हणजे नाटककाराने प्रयोग आड ठेवला आणि तालीम समोर आणली. नवऱ्याने बसवलेला नाच, दिग्दर्शक तोच, प्रेक्षकही तोच, आणि तालमीतच सगळं त्याच्या हातून निसटतं. एवढं एक निरीक्षण धरून तू चार पानं लिहू शकतेस. पुरावा मागतात तो असा. त्यातच टॅरंटेला दक्षिण इटलीचा नाच, आणि विषारी कोळी चावल्यावर नाचून विष उतरवायचं ही समजूत त्याच्यामागे आहे, हेही जोडता येईल. पण ते दुय्यम. आधी रचना.

"नोराच्या मनातली खळबळ व्यक्त होते" हे वाक्य मात्र लिहू नकोस. ते कुठल्याही नाटकाला चिकटतं.

नेपथ्यातून

तळटीप यांचं सगळं मान्य, पण त्यातलं काहीही रंगमंचावर करता येत नाही. 'मी आता बाहुलीपणातून सुटतेय' हे कोणती नटी कसं करणार? करायला गेली की हात पसरतात आणि डोळे छताकडे जातात.

नाट्याचा प्रश्न साधा आहे. नोराला या घडीला काय हवंय? नवरा पत्रपेटीपासून लांब हवाय. बस. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीच्या पद्धतीत याला उद्दिष्ट म्हणतात, आणि पत्र, किल्ली, उद्याचा कार्यक्रम ही झाली दिलेली परिस्थिती. आता गंमत बघ. ती चांगली नाचली तर काय होईल? टोरवाल्ड म्हणेल, झकास, झाली तालीम, आणि उठून पत्रं काढायला जाईल. म्हणून तिला वाईट नाचणं भाग आहे. जितकं बिघडेल तितकी तालीम लांबेल. हे एकदा कळलं की खळबळ वगैरे दाखवावी लागत नाही, ती होते.

वर्गात करून बघा : एकाला दारापर्यंत जायचंय, दुसऱ्याने त्याला हात न लावता, एक शब्द न बोलता अडवायचं. पाच मिनिटं. मग त्याच जोडीला हा प्रसंग द्या.

वहीबद्दल : एकच ठेव, पण पान उभं दुमड. डावीकडे संहितेतून काय कळतं ते, उजवीकडे प्रत्येक वाक्यासमोर एक क्रियापद. अडवते, भुलवते, विनवते, धमकावते. विशेषण लिहायचं नाही. 'दुःखी' हे करता येत नाही, 'लपवते' करता येतं.

झपताल

वाईट नाचणं सोपं असतं असं वाटतंय का इथे कुणाला? :)

टॅरंटेलाची लय सहा-आठची, वेगवान. पियानोवरचा माणूस लय सोडत नाही, आणि म्हणूनच तिचं सुटणं दिसतं. लयही ढासळली आणि तीही ढासळली तर प्रेक्षकाला नुसता गोंधळ दिसेल. लयीच्या पुढे पळायचं तर ठोका कुठे आहे हे पायाला पक्कं माहीत हवं. आमच्याकडेही समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) चकवून येणारा तोच, ज्याची सम झोपेतही चुकत नाही.

आणि ही माहिती बहुधा तुमच्या दोन्ही वर्गांत कुणी सांगितली नसेल : २१ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात या नाटकाचा पहिला प्रयोग झाला तेव्हा नोरा झाली होती बेटी हेनिंग्ज. ती अभिनयाकडे वळण्याआधी बॅलेत तयार झालेली होती. पहिली नोरा नर्तकी होती, हे लक्षात ठेवून तो प्रसंग पुन्हा वाचा.

अडगळीतली_वही

बाप रे, हे तर अख्खं सत्र झालं. धन्यवाद! तालीम लांबवायला वाईट नाचते, हे डोक्यात आलंच नव्हतं.

झपतालताई (ताईच ना?), तुम्हाला एक विचारते. साहित्यामुळे मला प्रत्येक गोष्टीत अर्थ शोधायची खोड लागलीय. गतभावात कळतं, घूंघट आहे, पनघट आहे, गोष्ट आहे. पण तुकडे, परण, तिहाई यांचा अर्थ काय? लेखी परीक्षेत 'नृत्ताचे (म्हणजे गोष्ट न सांगणाऱ्या, निव्वळ तालावरच्या नाचाचे) प्रयोजन' असा प्रश्न येतो आणि मी पानभर हवेत लिहून येते.

उगाच_एक

एवढा काथ्याकूट करून कुणी नट झालेला मी तरी पाहिला नाही. तालमी करा, पाय आपटा, घाम गाळा. पुस्तकं म्हातारपणी वाचायला ठेवा. आमच्या गटातल्या सगळ्यात चांगल्या नटाने आयुष्यात उद्दिष्ट-बिद्दिष्ट ऐकलेलं नाही.

झपताल

ताईच. :)

तुझा प्रश्न फार जुना आहे, अगदी नाट्यशास्त्राइतका. चौथ्या अध्यायात ऋषी भरताला (ते शास्त्र सांगणाऱ्या मुनीला) हेच विचारतात : अर्थ पोचवायला अभिनय आहे ना, मग हे नृत्त कशाला केलं? त्याचा गीताच्या अर्थाशी काही संबंध नाही. भरताचं उत्तर एका ओळीचं आहे : नृत्ताला कुठल्याही अर्थाची अपेक्षा नाही, ते शोभा आणतं म्हणून आलं. पुढे तो असंही म्हणतो की लोकांना ते मुळातच आवडतं. परीक्षेत हा संवाद लिही आणि तिथेच थांब. पानभर हवा लागत नाही.

पण मला विचारशील तर तिहाईत अर्थ नसला तरी तर्क असतो. एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट समेवर. ऐकणाऱ्याला दुसऱ्या वेळीच कळतं की हे कुठेतरी पोचणार आहे, आणि तो मनात मोजायला लागतो. नाटकात याला उत्कंठा म्हणतात. शब्द नसताना ती कशी तयार होते हे बघायचं असेल तर तिहाईसारखी जागा नाही.

म्हणून तोंडाने म्हणत जा. पढंत टाळू नकोस. हातावर टाळी धरून, पहिलीला सम, पाच आणि तेराला टाळी, नवाला खाली (तिथे टाळी नाही), आणि बोल स्पष्ट. वहीत मात्रांची चार घरं आखून बोल त्यात बसव. जो बोल घरात बसवता येत नाही तो पायातही बसलेला नसतो.

तळटीप

उगाच_एक, कालिदास आधी तुमच्या बाजूने बोललाय आणि मग त्याने तुम्हाला अडचणीतही टाकलंय.

'मालविकाग्निमित्र'चे पहिले दोन अंक म्हणजे नृत्याची परीक्षाच आहे. गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य 'मी श्रेष्ठ की तू' म्हणून राजासमोर भांडत येतात. परीक्षक एक परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी. ती सांगते की नाट्यशास्त्र प्रयोगप्रधान आहे, नुसत्या वादाने काय होणार? झालं, तुमची बाजू. पण परीक्षा कुणाची घ्यायची? आचार्यांची नाही, शिष्यांची. तिचं म्हणणं असं की काहींची कला स्वतःपुरती उत्तम असते, काहींना ती दुसऱ्यात उतरवण्याची हातोटी असते, आणि दोन्ही जमतं त्यालाच शिक्षकांत अग्रस्थान द्यावं. तुमच्या गटातला तो नट स्वतःपुरता उत्तम असेल, पण त्याला जे येतं ते या पोरीच्या हाती कसं लागणार? त्यासाठी कुठेतरी काहीतरी नाव द्यावं लागतं. उद्दिष्ट म्हणा, अजून काही म्हणा.

आणि याच परीक्षेची एक अट नृत्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावी अशी : पात्रांनी वेषभूषेचा फार भार न घेता यावं, म्हणजे अंगांचं सौष्ठव नीट दिसेल. मूल्यमापनाचा निकष दोन अंकी भांडणाच्या मध्यावर, विनोदाच्या गडबडीत, इतका नेमका सांगून टाकलाय.

(अवांतर : ही सगळी परीक्षा राजाला गणदासाची शिष्या मालविका दिसावी म्हणून विदूषकाने जुळवून आणलेली आहे. मालविकेचं झाल्यावर हरदत्ताची पाळी पुढे ढकलली जाते ती ढकललीच जाते. परीक्षा पद्धतीवरची याहून बोचरी टीका मी वाचलेली नाही.)

उगाच_एक

ठीक आहे, घेतलं. हरदत्ताबद्दल वाईट वाटलं. पण 'आधी करून बघा' हे माझं म्हणणं मी सोडत नाही.

नेपथ्यातून

कुणीच सोडायला सांगत नाहीये.

सोनसळी

वाचतेय, फार छान चाललंय. मी नृत्य शिकले नाही, पण वृत्तांचा अभ्यास पायांनी केलाय, तो इथे उपयोगी पडेल. भुजंगप्रयात घ्या, मनाचे श्लोक सगळ्यांना येतात. लगागा चार वेळा, बारा अक्षरं. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, म्हणजे प्रत्येक गण पाच मात्रांचा आणि चरण वीस मात्रांचा. झपताल दहा मात्रांचा. म्हणजे चरण दोन आवर्तनांत बरोब्बर बसतो! चालत चालत म्हणून बघा, वृत्त पाठ करावंच लागत नाही.

झपताल

माझ्या नावाचा उल्लेख झाल्याने यावंच लागलं. बसतो, पण विभाग जुळत नाहीत. झपताल दोन-तीन-दोन-तीन असा तुटतो. लगागा मात्र तीन-दोन असा (एक आणि दोन, मग दोन). टाळी धरून म्हटलंत की आघात सारखे आडवे जातील. वाईट नाही, उलट त्या ओढाताणीतून मजा येते, पण 'बरोब्बर' नको म्हणू या.

सोनसळी

अरे हो की. आत्ता टाळी देऊन पाहिलं, पहिल्या गुरूच्या मध्येच टाळी येतेय. दंडवत.

पण मुख्य मुद्दा राहतोच : नुसत्या डोळ्यांनी वाचून वृत्त कळत नाही. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत बाराव्यावर यती (थांबा) असतो हे मी शाळेत घोकलं होतं. तिथे श्वास संपतो हे मोठ्याने म्हटल्यावर कळलं. साहित्याच्या विद्यार्थ्याने कविता बसून वाचू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

अडगळीतली_वही

हे सगळं सोनं आहे. निबंधाचं कुणी सांगेल का? पुढच्या आठवड्यात एका कथक सादरीकरणावर लिहून द्यायचंय.

तळटीप

मागच्या निबंधातलं एक वाक्य इथे टाक.

अडगळीतली_वही

टाकते, हसू नका. "तिच्या विलोभनीय पदन्यासाने आणि भावपूर्ण मुद्राभिनयाने रसिक मंत्रमुग्ध झाले."

नेपथ्यातून

हसलो नाही. (हसलो.)

तळटीप

हे वाक्य सादरीकरण न बघता लिहिता येतं, एवढाच त्याचा दोष. आता असं बघ : "पहिल्या आवर्तनात नजर समोर आणि हात छातीशी. नवव्या मात्रेला, खालीवर, ती पाठ फिरवते, आणि पुढच्या सात मात्रा आपल्याला फक्त पाठ दिसते आणि पाय ऐकू येतात." यात एकही कौतुकाचा शब्द नाही, पण वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की तिने चेहरा का काढून घेतला? तुझा विचार तिथून सुरू होईल. आधी काय घडलं, मग त्याने काय झालं, आणि 'सुंदर' शेवटी, तेही उरलंच तर.

नेपथ्यातून

शब्द सापडत नसतील तर लाबानचे चार निकष घे. रुडॉल्फ लाबान नर्तक होता, पण त्याची हालचालींची मांडणी अभिनयाच्या वर्गांत सर्रास वापरतात. प्रत्येक हालचालीला चार प्रश्न : वजन भारी की हलकं, वेळ झटक्याची की लांबवलेली, दिशा नेमकी की भरकटती, ओघ मोकळा की आवरलेला. पहिल्या तीनच्या जोडण्या केल्या की आठ मूळ क्रिया मिळतात : ठोसा मारणे, सपकन फटकारणे, पिळणे, दाबणे, झटकणे, टिचकी मारणे, तरळत सरकणे, तरंगणे. मराठी शब्द माझे आहेत, तुमच्या वर्गात वेगळे असतील. पण एकदा हे डोक्यात बसलं की 'भावपूर्ण मुद्राभिनय' लिहिताना हात थांबतो, कारण ते हलकं होतं की भारी हे आठवावं लागतं.

आणि हेच नोराला लाव. नाचाच्या सुरुवातीला कोणती क्रिया, शेवटाला कोणती? दोन्ही विषयांचं काम एकाच वेळी होईल.

झपताल

लाबानचं नाव निघालंच आहे तर : त्याची नृत्यलिपी १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती खालून वर वाचायची असते. मधली रेघ म्हणजे शरीराचा मध्य, डावी बाजू डावीकडे, उजवी उजवीकडे. चिन्हाचा आकार दिशा सांगतो, लांबी वेळ सांगते. शिकायला वेळ लागतो आणि बहुतेक नर्तक शिकत नाहीत, पण एकदा तरी एक पान वाचून बघ. नाटकाच्या विद्यार्थ्याला संहिता आयती मिळते. आमची संहिता गुरूच्या आणि शिष्याच्या अंगात असते, आणि ती लिहायला गेलं की किती गोष्टी सुटतात ते तिथे कळतं. बोल लिहिले, पण मान कुठे होती? नजर?

व्हिडिओवरून शिकणार असशील तर आधी बघ, रेकॉर्डिंग आरशासारखं उलटं तर झालेलं नाही ना. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेली कित्येक असतात. डावा-उजवा उलटा बसला की सुटता सुटत नाही. शिवाय कॅमेरा ऐन पायाच्या वेळी चेहऱ्यावर जातो. निबंधासाठी बघताना एकदा आवाज बंद करून बघ आणि एकदा डोळे मिटून ऐक. कथकमध्ये दुसऱ्या खेपेला जास्त कळतं.

पिटातला_प्रेक्षक

रुमाल उचलतो. मी शिकलेला नाही, नुसता बघणारा आहे, तर प्रेक्षकाच्या बाजूने एक भर.

'घाशीराम कोतवाल' मी आधी वाचलं आणि नंतर पाहिलं. वाचताना वाटलं होतं, बरं आहे, पण एवढा गवगवा कशाचा? संवाद तुटक, मध्येच गाणं, मध्येच ब्राह्मणांची रांग पडदा बनून उभी. पाहिल्यावर तोंडात बोट गेलं. तो माणसांचा पडदा डुलतो, उघडतो, पाठ फिरवतो, लपवतो आणि लपवलेलं उघडही करतो. पुस्तकात त्या जागी दोन-चार शब्दांची रंगसूचना आहे. १९७२ च्या मूळ प्रयोगाचं दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची होती, आणि तेंडुलकरांच्या बरोबरीने ही तीन नावं का घेतात ते तेव्हा समजलं. साहित्याच्या वर्गात नुसती संहिता वाचून या नाटकावर मत देणारे भेटले की मी विषय बदलतो.

तळटीप

अर्ध अनुमोदन. ती रांग पडदा बनवायची ही कल्पना संहितेतलीच आहे ना? रंगसूचना छोटी असते म्हणून ती साहित्य नव्हे असं होत नाही. कालिदासाच्या शाकुंतलात शकुंतला झाडांना पाणी घालते ते फक्त अभिनयाने, राजाचा रथ धावतो तोही अभिनयाने. ना झारी, ना घोडे. कंसातले चार शब्द, आणि त्यात प्रयोगाची अख्खी शैली. माझी तक्रार अशी आहे की आमच्याच वर्गांत मुलं कंस गाळून वाचतात.

टोकाचं उदाहरण बेकेटचं. 'क्वाड' म्हणून त्याची दूरचित्रवाणीसाठी केलेली कृती आहे, १९८१ ची. चार झगेवाले, एक चौकोन, ठरलेल्या मार्गांनी चालत राहतात आणि मध्यबिंदू चुकवतात. एकही शब्द नाही. नोबेल मिळालेल्या लेखकाची संहिता, आणि आहे काय तर चालण्याचे मार्ग आणि त्यांचा क्रम. आता हे कुठल्या विषयात घालणार?

पिटातला_प्रेक्षक

ज्याच्या परीक्षेला येईल त्या विषयात. पण कंसांचा मुद्दा मान्य, पुढच्या वेळी नीट वाचेन.

उगाच_एक

कामाचं काहीतरी सांगू का? पाठांतर. आधी बसून पाठ करून मग हालचाली बसवणारे अर्धा वेळ फुकट घालवतात. हालचालीसकटच पाठ करा. हे माझं एकट्याचं मत नाही. हेल्गा आणि टोनी नोइस या संशोधकांनी नटांच्या स्मरणशक्तीवर बरीच वर्षं काम केलंय, आणि हालचाल करताना म्हटलेले संवाद जास्त चांगले आठवतात असं त्यांना आढळलं. बघा, मीही वाचतो.

नेपथ्यातून

आज सूर्य कुठे उगवला? पण अगदी खरं.

त्याला जोडून एक. शेक्सपिअरच्या काळी नटांना अख्खं नाटक मिळत नसे. हाताने लिहून काढायचं तर एकेकाला पूर्ण प्रत कोण देणार? त्याची स्वतःची वाक्यं आणि त्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द, एवढंच एका लांब गुंडाळीवर. एडवर्ड ॲलिन या नटाची तशी एक गुंडाळी अजून जपून ठेवलेली आहे. तुमच्या गटात एक प्रसंग असा करा. वर्गात कुणालाच माहीत नसलेलं नाटक निवडा, सगळ्यांना फक्त आपापले तुकडे द्या, आणि सरळ उभे राहा. समोरचा कधी थांबेल हे ठाऊक नसल्याने सगळे जिवाचा कान करून ऐकतात. 'ऐकणं हाच अभिनय' हे वाक्य फळ्यावर लिहून जे होत नाही ते इथे दहा मिनिटांत होतं.

झपताल

शरीराबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून थोडक्यात. कडक फरशीवर तासन् तास ततकार (पायांचा सराव) करू नकोस. लाकडी जमीन मिळाली तर उत्तम. नडगीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर 'होईल सवय' म्हणून रेटू नकोस, विश्रांती घे, आणि थांबत नसेल तर डॉक्टरला दाखव. पाठांतर आणि जड वाचन नृत्याच्या तासाआधी ठेव. नंतर पुस्तक छातीवर ठेवून झोपशील. अनुभव.

अडगळीतली_वही

झोपते, हो. :)

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. तोंडी परीक्षेला चार अभिनय विचारतात. पाठ आहेत, पण उदाहरण दे म्हटलं की तीच ठरावीक देते. नोराचा नाचच उदाहरण म्हणून घेतला तर? आंगिक तर झालंच. वाचिक म्हणजे मधलं बोलणं. आहार्य म्हणजे ती पेटीतून काढते ती डफली आणि रंगीबेरंगी शाल. सात्त्विकात अडते. आठ सात्त्विक भावांत स्वेद आहे. नाचून नाचून नटीला खरा घाम येणारच. तो सात्त्विक धरायचा का?

नेपथ्यातून

नाही. तो श्रमाचा घाम. सात्त्विक म्हणजे आतून यायला हवा.

तळटीप

इतकं सोपं नाही. सत्त्व मनातून उपजतं आणि त्याला मनाची एकाग्रता लागते, असं भरत सातव्या अध्यायात म्हणतो खरा. पण तिथेच पुढे स्वेदाची कारणं देताना क्रोध, भय, हर्ष, लज्जा यांच्या रांगेत श्रम आणि व्यायामही घालतो. म्हणजे पात्र श्रमलं असेल तर तो स्वेद चालतो. आता नोरा इथे भ्यालीही आहे आणि श्रमलीही आहे. घाम दोन्हीचा. कुठला थेंब कशाचा हे परीक्षकालाही सांगता यायचं नाही, तेव्हा उदाहरण बिनधास्त घे, आणि ही शंका स्वतःच काढ. तोंडी परीक्षेत आपण काढलेल्या शंकेवर बोलणं नेहमी सोपं जातं.

शिवाय अभिनय कसा करावा तेही त्याने सांगितलंय : पंखा घ्यावा, घाम पुसावा, वाऱ्याची इच्छा दाखवावी.

नेपथ्यातून

मग तर नोराने मुळीच पुसू नये! पुसला की टोरवाल्ड म्हणेल दमलीस, थांब आता. आणि तिला थांबायचं नाहीये. घाम दिसतोय आणि ती पुसत नाही, हाच तिथला अभिनय.

झपताल

बोलायला सोपं. न पुसलेला घाम डोळ्यांत उतरतो, आणि काजळ लावलेलं असेल तर पुढचं आवर्तन आंधळ्यासारखं काढावं लागतं. कपाळावर पट्टी बांध, शालीच्या रंगाची. इब्सेन काही म्हणणार नाही.